फौजीदादाच्या दगडाचं काम – प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५

३ ऑगस्ट, रविवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी काही विचारलं तर ही वहीच दाखवता येईल. अभ्यासिकेच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या डाव्या बाजूला, फौजीदादाच्या नावाचा काळ्या ग्रॅनाइटचा दगड लावायचा. नोव्हेंबरच्या आत. खर्च वस्तीच्या वर्गणीतून. कागदपत्रं, मजकूर आणि दगडवाला माझ्याकडे, वर्गणी आणि परवानगी अध्यक्षांकडे, फौजीदादाच्या आईच्या, म्हणजे आजीच्या घरचं सगळं त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे आमचे काकाजी बघणार.

फौजीदादा म्हणजे मागच्या गल्लीतल्या आजीचा मोठा मुलगा. महार रेजिमेंटचा शिपाई होता. १९८७ च्या नोव्हेंबरात श्रीलंकेत, जाफना जिल्ह्यात, गस्तीवर असताना रस्त्यात पेरलेला सुरुंग फुटला त्यात गेला. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. आमच्या उत्तर नागपुरातल्या या वस्तीत पन्नाशीच्या वरच्या सगळ्यांना हे माहीत आहे आणि खालच्या जवळपास कोणालाच नाही. आज अभ्यासिकेत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना विचारलं तर एकजण म्हणे कारगिलमधे गेले ना ते, दुसरा म्हणे काश्मीर. ही पोरं रोज पहाटे उठून पळून राहिली, त्यांना फौजेतच जायचं आहे, आणि आपल्याच गल्लीतला माणूस कुठे गेला, कशासाठी गेला हे त्यांना ठाऊक नाही, यात त्यांचा काय दोष, कुठे लिहिलेलंच नाही तर वाचतील कुठून.

एक नियम आजच ठरवला. ज्याचा कागद नाही ते दगडावर जाणार नाही. ऐकीव गोष्टी वहीत लिहू, दगडावर नाही.

८ ऑगस्ट

आजीकडे गेलो. काकाजींनी पलंगाखालची लोखंडी पेटी काढून दिली. आजींचं वय ऐंशीच्या वर, नजर अधू झाली आहे पण पेटीत काय कुठे आहे ते हाताने सांगतात. "खाली लाल फडक्यात मेडल हाय, त्याच्या बाजूनं कागदं, वरची चिठ्ठ्यायची पिशवी आधी काढ बाबू."

निघालं ते असं. निळ्या-पांढऱ्या रिबिनीचं विदेश सेवा मेडल, वर श्रीलंकेच्या नावाची पट्टी. पेन्शनचं जुनं बुक. वर्दीतला एक फोटो, स्टुडिओतला, बहुतेक सागरला ट्रेनिंग संपलं तेव्हाचा, कारण रेजिमेंटचं सेंटर तिथे. रेजिमेंटकडून आलेलं इंग्रजी पत्र, घडीवर फाटलेलं, त्यात बॅटल कॅज्युअल्टी असा शब्द स्पष्ट वाचता येतो पण तारखेच्या जागी नेमकी घडी आहे आणि अक्षरं उडाली आहेत. हा शब्द महत्त्वाचा आहे, फौजेत आजाराने किंवा अपघाताने गेलेल्याची नोंद वेगळी होते आणि लढाईत गेलेल्याची वेगळी, त्यामुळे लढाईत गेला यावर आता कोणी शंका घेऊ शकत नाही.

आणि एक अंतर्देशीय पत्र. पत्ता मारफत ५६ एपीओ, फौजेचं टपाल कार्यालय, म्हणजे माणूस कुठे आहे ते पाकिटावरून कळायला नको. अक्षर मोठं, शाळकरी, ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या. बातमी काही नाही. इथे ताडाची झाडं लय आहेत, घराघरात विहीर आहे, पाणी गोड आहे, भात खाऊन कंटाळा आला, ज्वारीची भाकर आठवते, धाकट्याची फी भरली का, छपराचं काम पावसाच्या आधी झालं का. घडी घालायच्या कडेवर, जिथे डिंक लावायचा तिथे जागा उरली म्हणून एक ओळ आडवी लिहिली आहे, "आईने काळजी करू नये, आम्ही शांतीसाठी आलो आहो." खालचा अर्धा शब्द डिंकात गेला आहे.

सगळ्याचे फोटो काढले, मूळ कागद पेटीतच ठेवले. एकही कागद घराबाहेर न्यायचा नाही हे काकाजींना सांगून आलो, कोणी कितीही मागू दे.

१७ ऑगस्ट, रविवार

पोरांना बसवून पार्श्वभूमी सांगितली, फळ्यावर नकाशा काढून. थोडक्यात इथे पण लिहितो कारण दगडावरच्या दोन ओळी यातूनच येणार.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, लंकेच्या फौजेने बराकीत परत जायचं, आणि हे नीट होतं की नाही बघायला भारताची शांतिसेना. दुसऱ्याच दिवसापासून आपली फौज उतरली, त्यात सुरुवातीलाच गेलेली एक बटालियन ८ महार, म्हणजे महार रेजिमेंटची आठवी. सुरुवातीला लोकांनी हार घातले. मग एलटीटीईने, म्हणजे त्या बंडखोरांच्या मुख्य संघटनेने, शस्त्रं पूर्ण दिलीच नाहीत, बोलणी फिस्कटली आणि ऑक्टोबरात जाफना घ्यायला लढाई सुरू झाली, त्याचं नाव ऑपरेशन पवन. ऑक्टोबर संपेपर्यंत शहर हातात आलं पण लढाई काही संपली नाही, ती गल्लीबोळात, शेतात, रस्त्यात गेली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली. साधारण १२०० जवान तिकडे गेले ते गेले.

८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच पडले. रात्री शोधमोहिमेवरून परतताना वेढले गेले, छातीत गोळी लागली तरी समोरच्याची रायफल हिसकून त्यालाच मारलं आणि पडेपर्यंत आपल्या लोकांना हुकूम देत राहिले. परमवीरचक्र मिळालं, शांतिसेनेच्या सगळ्या मोहिमेतलं एकच. पोरं एकदम गप्प बसून ऐकून राहिली होती. मग एकाने विचारलं, सर हे पुस्तकात काहून नाही. आहे, पण एका ओळीत. या लढाईच्या विजयाचा दिवस आपण कधी साजरा केला नाही, ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्यातलेच लोक गोळ्या घालायला लागले, दिल्लीत सरकार बदललं, आणि फौज परत आली तेव्हा तिच्याबद्दल बोलायला कोणालाच नको होतं. राजकारण चुकलं की बरोबर होतं यावर जाणत्यांनी खुशाल वाद घालावा. पण चोवीस वर्षांच्या शिपायाने तो निर्णय घेतला नव्हता, त्याला पाठवलं आणि तो गेला, आणि त्याला विसरायचं कारण म्हणून हा वाद पुढे करणं मला अजिबात पटत नाही.

२३ ऑगस्ट

मारबतीची मिरवणूक. अर्धं नागपूर रस्त्यावर, काम बंद.

३० ऑगस्ट

सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला काकाजींच्या सहीने अर्ज पाठवला, आर्मी नंबर, वडिलांचं नाव, आणि मृत्यूची तारीख व ठिकाण लेखी द्यावं अशी विनंती. सोबत पेन्शन बुकाची झेरॉक्स. रजिस्टर्ड पोस्टाने. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दिली. तिथल्या माजी सैनिकाने अर्ज उभ्या उभ्या वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या, बरं झालं, नाहीतर परत आला असता.

१४ सप्टेंबर

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नाव सापडलं!! तिथे त्याग चक्र म्हणून गोल भिंती आहेत, स्वातंत्र्यानंतर लढाईत गेलेल्या प्रत्येकासाठी ग्रॅनाइटची एक एक वीट, त्यावर सोनेरी अक्षरात नाव. फेब्रुवारी २०१९ मधे उद्घाटन झालं तेव्हा २५,९४२ नावं होती. वेबसाइटवर नावाने शोधता येतं. आमच्यातल्या एका पोरीने आडनावाचं स्पेलिंग तीन-चार पद्धतीने टाकून बघितलं आणि आर्मी नंबर जुळला तो एकच निघाला. स्पेलिंगमधे एक अक्षर वेगळं आहे, आपल्या आडनावांचं इंग्रजीत असंच होतं, पण नंबर तोच, रेजिमेंट तीच.

काकाजींना मोबाइलवर दाखवलं. बराच वेळ स्क्रीन बघत होते. म्हणे मी दिल्लीला दोनदा जाऊन आलो, इंडिया गेटपाशी फोटो काढून आलो, तिथेच बाजूला भाऊ आहे हे मला कोणी सांगितलंच नाही. तिथे रोज संध्याकाळी एका शहीदाच्या घरच्यांच्या हाताने पुष्पचक्र वाहतात, तेही त्यांना माहीत नव्हतं. त्याचा अर्ज कसा करायचा ते विचारून घेणं, माझ्याकडे.

कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुरा कोट्टेला शांतिसेनेचं स्मारक आहे, श्रीलंकेच्या सरकारनेच बांधलेलं, तिथेही गेलेल्यांची नावं आहेत. आपले पंतप्रधान २०१५ ला आणि यावर्षी एप्रिलमधे तिथे जाऊन आले. म्हणजे दिल्लीत दगड आहे, कोलंबोत दगड आहे, नाही फक्त जिथे तो वाढला तिथे.

२१ सप्टेंबर, रविवार

मजकुराची मीटिंग. चार तास.

एका पक्षाचे भाऊ आले होते, नाव लिहीत नाही. सगळा खर्च मी करतो म्हणाले, दगड मोठा घ्या, पाच बाय तीन. खाली ‘यांच्या सौजन्याने’ म्हणून त्यांचं नाव आणि कोपऱ्यात पक्षाचं चिन्ह. अध्यक्ष थोडे मऊ पडले कारण वर्गणी अर्धीसुद्धा जमली नव्हती. मी सरळ सांगितलं की त्या दगडावर एकच नाव येईल, आणि ज्याला द्यायचं त्याने वर्गणीच्या वहीत द्यावं, वही कायम अभ्यासिकेत राहील, कोणीही बघावी. बऱ्याच बायांनी माझी बाजू घेतली, विशेषतः आजीच्या शेजारच्या मावशी, त्यांनी तर विचारलंच, तुमचं पोरगं गेलं होतं का भाऊ तिकडं. भाऊ चहा न घेता गेले. पुढच्या दोन दिवसांत वर्गणी मात्र भरभर आली, पन्नास-शंभरच्या नोटा जास्त.

मजकुरावर दुसरा वाद म्हणजे श्रीलंका लिहायचं की नाही. काही जणांचं म्हणणं, ‘देशासाठी बलिदान’ एवढं पुरे, श्रीलंका लिहिलं की लोक विचारतील तिकडे काय काम होतं. विचारू द्या ना. विचारावं म्हणूनच तर लिहायचं. गोल गोल शब्द लिहिले की माणूस कुठलाच राहत नाही, कोणत्याही चौकातल्या कोणत्याही पाटीवर चालेल असं काहीतरी होऊन बसतं. ठिकाण पाहिजे, वर्ष पाहिजे, ऑपरेशनचं नाव पाहिजे. मत घेतलं, श्रीलंका राहिलं.

२ ऑक्टोबर

आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीवर दरवर्षीप्रमाणे आमचा पाण्याचा स्टॉल, सकाळपासून उभा. दुपारी एक म्हातारे गृहस्थ पाणी प्यायला थांबले, टोपीवर महार रेजिमेंटचा बिल्ला, आडव्या मशीनगन आणि मधे खंजीर. मी विचारलं साहेब कोणत्या साली. रिटायर्ड हवालदार, अमरावती जिल्ह्यातले, आणि श्रीलंकेत दीड वर्ष काढलेले! स्टॉल पोरांच्या हवाली केला आणि त्यांना सावलीत घेऊन बसलो.

फौजीदादाला ते ओळखत नव्हते, बटालियन वेगळी. पण जे सांगितलं ते जमेल तसं उतरवतो. म्हणाले, आम्हाला शत्रू असा समोर दिसलाच नाही कधी, लुंगीतला माणूस सायकलवरून जाताना हसायचा आणि त्याच्याच घरामागून फायर यायचं. त्यांच्याकडे एके फोर्टी सेव्हन आणि आमच्या खांद्यावर एसएलआर रायफल, लांबलचक, चार किलोच्या वर वजन, बोळात वळताना भिंतीला लागायची. पण गोळीपेक्षा भीती रस्त्याची. डांबर उकरून खाली स्फोटकं पुरायची, वर पुन्हा डांबर, आणि वायर शेताच्या बांधाआड नेऊन तिथे एक पोरगं बसवायचं, गाडी आली की बटन. म्हणून सकाळी आधी रोड ओपनिंग पार्टी पायी जायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, वायर शोधत, मोरीखाली वाकून बघत, आणि ती पुढे गेली की मगच गाड्या. पुढे चालणाऱ्याला माहीत असायचं की आपण कशासाठी पुढे आहो. "तुमचा पोरगा गस्तीवर सुरुंगात गेला म्हणता ना, मग समजून घ्या, तो पुढं होता म्हणून मागचे चालत आले."

हे कागद नव्हे, तेव्हा दगडावर येणार नाही. पण आजींना सांगायचं का हे मी काकाजींना विचारलं. ते म्हणाले सांग, तिला आजपर्यंत कोणी काही सांगितलंच नाही, नुसतं गेला एवढं सांगितलं. रात्री जाऊन सांगितलं. आजी म्हणाल्या, "लहानपणापासून पुढंच चालाचा तो, मले मागं टाकून."

हवालदार साहेबांना कार्यक्रमाला बोलावलं आहे. येतो म्हणाले.

१२ ऑक्टोबर

सागरहून उत्तर आलं. नंबर, नाव, वडिलांचं नाव, ऑपरेशन पवन, ठिकाण जाफना, बॅटल कॅज्युअल्टी, सगळं आहे. तारीखही आहे. आणि तारीख घरच्यांच्या तारखेशी जुळत नाही.

घरी दरवर्षी जो दिवस पाळतात तो तार आली तो दिवस. खरी तारीख त्याच्या सहा दिवस आधीची. त्या काळात जाफन्याहून बातमी निघून नागपूरच्या या वस्तीत तारवाला पोचेपर्यंत इतके दिवस जाणारच. म्हणजे ते सहा दिवस घरात सगळं नेहमीसारखं चालू होतं. काकाजींनी हिशोब केला, त्यातल्या एका दिवशी त्यांनी भावाला पत्र टाकलं होतं.

दगडावर कोणती तारीख? मला वाटलं होतं घरात यावरून वाईट वाटेल. आजींनी एका मिनिटात निकाल लावला. दगडावर फौजेची लिहा, खरी आहे ती, घरात मी माझा दिवस पाळीन. वंदना त्याच दिवशी होईल.

२६ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली. कामठी रोडवरच्या दगडवाल्याकडे गेलो. तीन फूट बाय दोन फूट, अठरा एमएमचा काळा ग्रॅनाइट, पॉलिश समोरून, कडा घासून. लेझरने कोरणं स्वस्त पडतं पण ते वरवरचं असतं, पाच-सात वर्षांत पुसट होतं, म्हणून सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने कोरणं, सांगितलं, खोल. रंग पांढरा. सोनेरी छान दिसतो पण आपल्याकडच्या उन्हात लवकर काळवंडतो आणि भिंत पश्चिमेची आहे, एप्रिल-मेमधे दुपारभर ऊन तिथेच असतं.

इथे एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. कामठीला छावणी १८२१ पासून, महार रेजिमेंटची दुसरी बटालियन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली ती या कामठीतच. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचं सेंटर आहे. त्या रस्त्यावर दगड घडतो आहे याचं मला आतून बरं वाटलं.

२ नोव्हेंबर

प्रूफ. कटिंग प्लॉटरचं सॉफ्टवेअर जुनं, युनिकोड टाकलं की जोडाक्षरं फुटतात. श्रीलंकेतला श्री फुटून श् आणि री वेगळे, रेजिमेंटचा अनुस्वार पुढच्या अक्षरावर, र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली. दुकानातला पोरगा म्हणे चालून जाईल, कोण वाचते एवढं. मी म्हटलं हा मजकूर शंभर वर्षं राहणार आहे बाबू, सगळे वाचतील. अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून, अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करून फाइल दिली, त्यात काही फुटत नाही. मग रबराच्या शीटवर कटिंग काढून पाहिलं, प्रत्येक अक्षर बोटाने तपासलं.

कागदावर मोठं प्रिंट काढून आजींकडे नेलं. नातवाने मोठ्याने वाचलं. शिपाई, नाव, महार रेजिमेंट, भारतीय शांतिसेना, ऑपरेशन पवन, जाफना, श्रीलंका येथे कर्तव्य बजावताना वीरमरण, तारीख. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "तिकडचं नाव लिवलं, इकडचं काहून नाही?"

खरंच नव्हतं. दगड इथेच लागणार म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्या ओळीच्या खाली जन्म, वस्तीचं नाव, नागपूर आणि साल अशी एक ओळ वाढवली. शाळेचा दाखला पेटीत होताच, म्हणजे कागदाचा नियमही पाळला गेला. शिवाय शेवटी रेजिमेंटचं ब्रीद, यश सिद्धी. मजकूर बंद. आता कोणीही काहीही सुचवलं तरी बदल नाही.

१६ नोव्हेंबर

दगड आला, लागला. मिस्त्रीने भिंतीचं प्लास्टर आधी विटेपर्यंत खरवडलं, केमिकलने चिकटवून चार कोपऱ्यांना स्टीलचे स्क्रू. पाणीपातळी लावून तपासलं. रात्री कोणी हात लावू नये म्हणून भरतीची दोन पोरं तिथेच झोपली, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रविवारपर्यंत कापड.

२३ नोव्हेंबर, रविवार

फौजेची तारीख आणि आजींची तारीख यांच्या मधला रविवार. मंडप नाही, स्टेज नाही, भाषणं दोनच. बुद्धवंदना झाली, मग हवालदार साहेबांनी मेडल लावून, कडक सॅल्यूट देऊन शिपायाचा नंबर आणि नाव मोठ्याने पुकारलं, हजेरी घेतात तसं. कापड आजींनी ओढलं. आजी नंतर खुर्ची मागवून दगडासमोरच बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला नातवाकडून मजकूर वाचून दाखवायला लावला, बारा-तेरा वर्षांचं पोरगं, घसा बसला त्याचा.

तीच पोरं ज्यांनी ऑगस्टमधे कारगिल सांगितलं होतं ती आज पाहुण्यांना जाफना कुठे आहे ते नकाशावर दाखवून राहिली होती.

३० नोव्हेंबर

हिशोब वहीच्या मागच्या पानावर, अध्यक्षांची सही झाली. थोडे पैसे उरले, ते दरवर्षी ऑक्टोबरात रंग भरायला राखून ठेवायचे ठरलं. पत्रांचे आणि कागदांचे स्कॅन दोन पेनड्राइव्हवर, एक काकाजींकडे, एक अभ्यासिकेच्या कपाटात.

दिल्लीच्या पुष्पचक्राचा अर्ज भरला. आजींना प्रवास झेपेल का ते डॉक्टरांना विचारायचं आहे, त्या स्वतः तर आत्ताच तयार आहेत.

परवा पलीकडच्या वस्तीतून एक बाई आल्या होत्या. त्यांचे सासरे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले, परत आले नाहीत, घरात एक कागद आहे, इंग्रजी. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी त्यांच्याकडे जायचं, स्कॅनर आणि नवी वही घेऊन.